सहा वेळचा धोंडा

पहाटे साडेपाचला शेखर बोरस्तेची मोटरसायकल नाशिकच्या सिडकोतल्या एका गल्लीच्या तोंडाशी थांबते. पाठीवर पिशवी, हातात कमरेएवढी लोखंडी चावी. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत सोडायची आणि फेरे मोजत व्हॉल्व्ह उघडायचा. एका दमात पूर्ण उघडला तर जुनी लाईन फुटते, म्हणून आधी सहा फेरे, जरा थांबायचं, मग पुढचे. पाणी गल्लीत शिरलं की त्याला पायाखालच्या आवाजावरून कळतं. चौदा वर्षं तो महापालिकेचा व्हॉल्व्हमन आहे, आणि त्याच्यामुळे आपली टाकी कोरडी राहिली असं त्याच्या भागातली भांडखोरातली भांडखोर बाईसुद्धा म्हणणार नाही.

पोटाचं मात्र असं सरळ नाही. शेखरला पोटाचे दोन आजार आहेत. तो त्यांना नावानं कमी आणि पत्त्यानं जास्त ओळखतो: वरचा आणि खालचा. खालचा जुना. मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, रक्त पडतं, बिघडला की दिवसातून दहा-दहा वेळा पळावं लागतं. त्याला डॉक्टर अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. वरचा मागाहून सापडला. त्याचं नाव गॅस्ट्रोपॅरेसिस, म्हणजे जठरच आळशी. खाल्लेलं पुढे ढकलायचं एवढं एकच काम त्याच्याकडे, तेही ते मनावर घेत नाही. दुपारची भाकरी दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथंच मुक्कामाला. हे दोन्ही एकाच माणसात क्वचितच दिसतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा शेखरला हसू आलं. आयुष्यात कधी लकी ड्रॉमध्ये साधा डबा लागला नव्हता.

"वरचा व्हॉल्व्ह जाम, खालची लाईन लीक," तो खात्यातल्या लोकांना सांगतो. त्यांना लगेच कळतं.

अडचण अशी, की एकाचं औषध ते दुसऱ्याचं दुखणं. खालच्यासाठी लोक सांगतात, चोथा खा, फळं खा. तेच वरच्यात गेलं की अडकून बसतं. शेखर जन्मला दिंडोरीच्या बाजूला द्राक्षांत, लग्न केलं निफाडच्या द्राक्षांत, आणि द्राक्षाचा एक मणी सालासकट गिळायची त्याला बंदी. सल्ले देणारे तर त्याच्या पाचवीलाच पुजलेले. ताक पी, बेलफळ खा, एरंडेल घे, पोटावर ओला फडका ठेव. तो सगळ्यांचं ऐकतो, मान डोलावतो आणि पिशवीतून आपली स्टीलची छोटी डबी काढतो. डबीत मऊ खिचडी नाहीतर गाळलेलं वरण आणि भात, सात-आठ चमचे, बस. गोळी आधी अर्धा तास. जेवण दिवसातून सहा वेळा, जेवल्यावर आडवं व्हायचं नाही, शंभर पावलं चालायचं. पाणीवाटपाचं वेळापत्रक असतं तसंच हेही. आधी पोटोबा मग विठोबा असं लोक म्हणतात, शेखरचं आधीही पोटोबा आणि मगही पोटोबाच.

खालच्याचीही सोय त्यानं लावून ठेवली आहे. त्याच्या भागात अकरा दारं अशी आहेत, जिथं तो कधीही कडी वाजवू शकतो. एक पिठाची गिरणी, दोन देवळांमागची पुजाऱ्यांची घरं, एक सायकलवाला, बाकी साधे लोक. सुरुवातीला लाज वाटायची. मग एकदा भागीबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंनी दार उघडून नुसतं आत बोट दाखवलं आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तू आम्हाला पाणी देतो, आम्ही तुला जागा देऊ नाही का?" त्या दिवसापासून लाज गेली ती गेलीच.

ही घडी बसवायला तीन वर्षं लागली. तिची सुरुवात मात्र एका धोंड्यापासून झाली.

तीन वर्षांपूर्वी अधिक श्रावण आला होता. दर तीन वर्षांनी हा जादा महिना येतो, त्याला आपल्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. लेक-जावयाला बोलवायचं, तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं आणि जावयाला धोंडे जेवू घालायचे. धोंडा म्हणजे कणकेच्या पारीत पुरण भरून केलेला गोळा. जावई हा दहावा ग्रह, तो शांत असलेला बरा, म्हणून सासुरवाडीत त्या दिवशी आग्रहाला सीमा नसते. शेखरची सासुरवाडी निफाडच्या पुढे चार-पाच किलोमीटरवर. सासरे कारभारी, सासू कुसाबाई, तीन एकर बाग आणि घराभोवती शेवग्याची झाडं. कुसाबाईंच्या हाताला अशी चव की गावातल्या लग्नात पुरणाला त्यांनाच बोलावणं यायचं.

तेव्हा फक्त खालचाच आजार माहीत होता आणि तो वर्षभर शांत होता. जेवल्यावर मळमळायचं, कधी उलटी व्हायची, पण ते पित्त म्हणून खपून जायचं. शेखर पाटावर बसला. तुपात तळलेले धोंडे, कटाची आमटी, भजी, कुरडया. दुसऱ्याच धोंड्याला पोट म्हणालं, बस. कुसाबाई म्हणाल्या, "एवढ्यावर उठलात तर आम्हाला वाटंल, काही चुकलं." शेखरनं चार धोंडे खाल्ले. नाही म्हणायला त्याला तेव्हा येत नव्हतं.

संध्याकाळी पोट दगडासारखं झालं. कुसाबाईंचा जीव कासावीस. त्यांनी गरम दुधातून इसबगोल दिलं, रात्री परत दिलं, सकाळी परत. "पोट साफ झालं की मोकळं वाटंल," एवढाच त्यांचा हिशेब. चांगल्या पोटाला तो बरोबरही आहे. पण ज्या जठरातून काहीच पुढे सरकत नाही, तिथं इसबगोल फुगून बसलं आणि पुरणाला धरून त्याचा गोळा झाला. तिसऱ्या दिवशी शेखरला नाशकात दवाखान्यात आणलं तेव्हा पाण्याचा घोटसुद्धा परत येत होता.

डॉक्टरीणबाईंनी तोंडातून दुर्बीण घातली. नंतर त्यांनी विचारलं, "शेवटचं जेवण कधी?"

"परवा दुपारी."

"मग डाळ अजून जठरात कशी?"

हा प्रश्न शेखरला आजही पाठ आहे. त्याला दहा वर्षं होणारं ते पित्त पित्त नव्हतंच. पुढे त्याला औषध घातलेली इडली खायला देऊन चार तास फोटो काढले, तेव्हा निम्म्याच्या वर इडली होती तिथंच होती. वरचा आजार असा सापडला. नऊ दिवस दवाखान्यात गेले, गोळा थोडा थोडा फोडून काढावा लागला, आणि त्या गडबडीत खालचाही उठून बसला. शेखरचं वजन अठ्ठेचाळीस किलोवर आलं.

त्या नऊ दिवसांतल्या चौथ्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात एक वाक्य बोललं गेलं. ते बोलली शेखरची बायको हर्षाली, आपल्या आईला. "आई, तू त्यांना जिवानिशी मारलं असतंस."

हर्षाली चार रात्री झोपली नव्हती. तिच्या जागी कुणीही असतं तर हेच बोललं असतं, कदाचित याहून वाईट. पण कुसाबाईंनी ते वाक्य पदरात बांधून घेतलं. दुपारच्या एसटीनं त्या गावी गेल्या आणि त्या दिवसापासून त्यांनी पुरण सोडलं. करणंही सोडलं आणि खाणंही. गावात पुरणाला बोलावणं आलं की सांगायच्या, "माझ्या हाताला विष हाय, दुसरी बघा." हर्षालीचा राग दोन-तीन महिन्यांत उतरला, पण तोवर लाज चढली. माफी मागायला जायचं तर कुठल्या तोंडानं, म्हणून ती गेली नाही. आई बोलवेना, लेक जाईना. शेखरची मुलगी वैष्णवी आठ वर्षांची झाली आणि तीन उन्हाळे तिनं आजोळ पाहिलं नाही. कारभारी मधून मधून नाशकात येत, शेवग्याच्या शेंगा ठेवत, चहा घेत आणि निघून जात.

शेखरला हे सलत होतं. फार सलत होतं. ज्या बाईमुळे आपला आजार सापडला, तीच बाई स्वतःला खुनी समजून जगते आहे, हे त्याला सहन होत नव्हतं. त्यानं दोनदा फोनवर समजावून पाहिलं, पण कुसाबाई फोनवर येतच नव्हत्या. बोलून हा गाळ निघायचा नाही, हे त्याला कळलं. ज्या हातानं बिघडलं असं त्यांना वाटतं, त्याच हातचं खाऊन आपण धडधाकट उठायला हवं. आणि तसं उठता आलं नाही, तर मग हर्षालीचं माहेर कायमचं संपलं, हेही त्याला कळत होतं.

यंदा जेठात अधिक महिना आला. त्याच्या महिनाभर आधी एका रविवारी पाणी सोडून झाल्यावर शेखर एकटाच निफाडला गेला.

कुसाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. जावयाला बघून त्यांनी पदर सावरला आणि सूप बाजूला ठेवलं. कारभारींनी चटई टाकली.

"मामी," शेखर म्हणाला, "धोंड्याला बोलावणार ना?"

"मामांच्या हाती कपडे पाठवू. वाण बी पाठवू." कुसाबाई सुपाकडे बघत बोलल्या. "जेवायला हाटेलात घेऊन जातील मामा."

"हॉटेलातलं मला चालत नाही. तुमच्या हातचं पाहिजे."

"माझ्या हातचं नाय. एकदा झालं तेवढं लय झालं."

शेखरनं मग ती डाळीची गोष्ट सांगितली. दुर्बीण, परवाचं पुरण, डॉक्टरीणबाईंचा प्रश्न. "तुमचे धोंडे पोटात अडकले नसते, तर आजार सापडला नसता. दहा वर्षं चोर घरात होता मामी, तुम्ही पकडून दिला."

कारभारींना हे फार पटलं. त्यांनी दोनदा "बराबर हे, बराबर हे" म्हटलं. कुसाबाईंना काडीइतकं पटलं नाही. "गोड बोलायला तुम्ही पहिल्यापासून हुशार," त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

शेखरनं घड्याळ पाहिलं. साडेअकरा. त्याची तिसरी वेळ झाली होती. डबी त्यानं मुद्दाम घरी ठेवली होती. त्यानं आवाज दिला, "मामी, गोळी घेतलीय. अर्ध्या तासात काहीतरी खावं लागेल मला. तांदळाची पेज असली तरी चालेल."

आतून भांड्याचा आवाज आला. दारी आलेल्या माणसाला, त्यातून जावयाला, उपाशी घालवणं कुसाबाईंच्या सात पिढ्यांना जमलं नसतं. पेज आली. ती ठेवताना त्यांचा हात थरथरत होता. शेखरनं मोजून आठ चमचे प्यायली, वाटी खाली ठेवली आणि कारभारींबरोबर बागेत फिरायला गेला. परत आला, तासभर बसला, आणखी तासभर बसला. कुसाबाई गहू निवडत होत्या, पण नजर त्याच्या तोंडावर. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "मळमळतंय का?"

"नाही."

"खरं सांगा."

"खरं सांगतो. पेज फार छान होती. मीठ कमी होतं."

कुसाबाईंच्या हातून आजवर मीठ कमी पडलं नव्हतं. हात थरथरला म्हणून पडलं, हे दोघांनाही माहीत होतं. जावई गाडीवर बसला तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या.

घरी हर्षाली वाटच बघत होती. शेखरनं बेत सांगितला तशी तिनं कणकेची परात आपटली. "अजिबात नाही. माझ्यात ते नऊ दिवस परत काढायची ताकद नाही. तुम्हाला पाटावर बसायचा एवढा सोस आहे तर मी इथं पाट मांडते."

"चालेल," शेखर म्हणाला. "आधी इथंच करून बघू. दोनदा. मी दोन्ही दिवस ठणठणीत राहिलो तर तिकडे जायचं. नाही राहिलो तर विषय बंद."

यात नाकारण्यासारखं काही नव्हतं, म्हणून हर्षालीनं परात परत पुढ्यात ओढली. शेखरनं डॉक्टरीणबाईंच्या आहारतज्ज्ञांना विचारून ठेवलं होतं. हरभऱ्याची डाळ नको, कणीक नको, तळण नको. सालं काढलेली मुगाची डाळ गाळ होईपर्यंत शिजवून, बारीक चाळणीतून दोनदा गाळून तिचं सैलसर पुरण, बेताचा गूळ, वरून मऊसूत तांदळाची उकड, वाफवून. तूप अर्धा चमचा. हर्षालीनं केलं, तर पुरण पाण्यासारखं झालं आणि उकड फाटली. दुसऱ्यांदा केलं, तर पुरणाचा दगड.

"मला नाही जमत मुगाचं," ती वैतागून म्हणाली. "आईला जमतं. आजोबांचे दात गेले होते तेव्हा ती करायची."

शेखरनं फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि ओट्यावर ठेवून दिला. पाणी वर चढत नसेल तर आधी हवा काढावी लागते, हे त्याला चौदा वर्षांच्या नोकरीत शिकायला मिळालं होतं. तिकडे कारभारींनी फोन उचलला. शेखर म्हणाला, "मामा, मुगाचं पुरण सैल झालंय. मामींना विचारा, काय करायचं."

कारभारींनी विचारलं. तिकडून लांबून आवाज आला, "गूळ आधी टाकला आसंल तिनं."

हर्षाली हातात पळी धरून उभी होती. ती म्हणाली, "आधीच टाकला."

"गूळ मागून टाकायचा. डाळ आधी कोरडी होऊ दे." आवाज जवळ आला होता. "आन् आच बारीक कर. घाई करतीस. लहानपणापासून घाईच."

"हो."

"उकडीला पाणी किती घेतलं?"

वीस मिनिटं दोघी पुरण आणि उकडीवर बोलल्या. तीन वर्षांचं एक अक्षर निघालं नाही. फोन ठेवल्यावर हर्षालीनं गॅस बारीक केला, आणि शेखर वैष्णवीला घेऊन खाली दूध आणायला गेला. त्या दिवशी धोंडा जमला. शेखरनं दोन दोन तासांनी थोडा थोडा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचला व्हॉल्व्ह उघडला. आठ दिवसांनी परत केला, परत तसंच झालं. विषय हर्षालीला बंद करता आला नाही, आणि कारभारींनी कळवलं की कुसाबाईही धोंड्याला तयार आहेत.

जूनच्या पहिल्या रविवारची रजा मिळवायला शेखरच्या नाकी नऊ आले. उन्हाळ्यात धरण तळाला, त्यात पाणीवाल्यानं रजा मागायची म्हणजे लग्नात आचाऱ्यानं उपास धरण्यासारखं. त्याच्या खात्यातला झुंबर म्हणाला, "जा तू, मी दोन्ही गल्ल्या बघतो. पण अनारसे आणायचे." शेखर म्हणाला, सगळे तूच खा.

सकाळी पावणेनऊला तिघं गाडीवरून उतरले. कुसाबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी वैष्णवीवरून ओवाळून टाकला, जावयावरून टाकला. हर्षालीपाशी हात थांबला, मग तिच्यावरूनही टाकला. दोघींनी एकमेकींकडे नीट बघितलं नाही.

शेखरनं सांगून ठेवलं होतं तसं सगळं मांडलं होतं. पाट, भोवती रांगोळी, पाटासमोर केळीचं पान आणि पानावर एकच वाटी. वाटीत एका धोंड्याचा सहावा भाग. एक धोंडा, सहा वेळा, दोन-दोन तासांनी, दिवस मावळायच्या आत. नऊ वाजता तो पहिल्यांदा बसला. कुसाबाईंनी वाढलं. त्यानं सावकाश खाल्लं, उठला, बागेत शंभर पावलं चालला. एप्रिलच्या छाटणीनंतर वेली मांडवावर चढल्या होत्या आणि खाली गार सावली होती. अकराला दुसऱ्यांदा बसला. कुसाबाईंनी परत वाढलं, आणि या वेळी त्यांचा हात थरथरला नाही.

एक वाजता घोटाळा झाला. कारभारींची थोरली बहीण यशोदाबाई दुपारच्या जेवणाला आल्या. वय ऐंशीच्या घरात, आवाज विशीतला. पाटासमोरची वाटी पाहून त्या दारातच थबकल्या.

"हे काय? जावयाला धोंडा का बाळाला भात भरवताय?"

कारभारींनी आजाराचं सांगितलं. यशोदाबाईंनी ते हातानं झटकलं. "आमच्या वेळी आसले आजार नव्हते. धोंडा अख्खा खायचा आसतो. वाटीत तुकडा उरला की वाण पोचत नाय. कुसा, आण तो पुरा धोंडा. शेखरराव, एवढा म्हातारीचा मान ठेवा."

तीन वर्षांपूर्वीची दुपार हर्षालीला समोर दिसत होती, तोच पाट, तोच आग्रह. शेखरनं तिसरा भाग नुकताच खाल्ला होता आणि पोट म्हणत होतं, थांब, जरा जास्तच थांब. त्याला आता नाही म्हणता येत होतं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात कुसाबाई चुलीजवळून उठल्या आणि पाटाच्या आणि यशोदाबाईंच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. नणंदेसमोर चाळीस वर्षांत त्या वर मान करून बोलल्या नव्हत्या.

"आक्का, जावई माझा हाय," त्या म्हणाल्या. "ते सांगतील तेवढंच मी वाढणार. एकदा मी त्यांच्या पोटाचं ऐकलं नाय. आता ऐकणार."

"आन् वाण?"

"वाण पोचलं नाय तर देवाला माझं नाव सांगा."

यशोदाबाई चटईवर बसून म्हणाल्या, "मग मला तरी वाढ, मला काय झालंय?" त्यांना वाढलं. त्या गुमान जेवल्या आणि जेवून झाल्यावर आतल्या खोलीत घोरू लागल्या.

तीन वाजता शेखर पाटावर बसला नाही. वरचा भरलेला होता, त्याला ते स्पष्ट जाणवत होतं. "ही वेळ सोडतो मामी," तो म्हणाला. कुसाबाईंच्या डोळ्यांत भीती उतरली. "काही नाही, असं होतं. लाईनीत प्रेशर असेल तर पुढचं पाणी सोडायचं नसतं. मी चालून येतो." तो कारभारींबरोबर बागेच्या टोकाच्या विहिरीपर्यंत गेला आणि आला. दोन ढेकर आले. वाटेत खालच्यानंही हजेरी लावली, पण साधीच, घाबरण्यासारखं काही नव्हतं. पाचला तो आपणहून पाटावर येऊन बसला आणि चौथा भाग खाल्ला. पावणेसातला पाचवा.

ऊन शेवग्याच्या शेंड्यावर गेलं होतं. भांड्यात सहावा भाग तसाच झाकलेला होता. सगळे बघत होते, यशोदाबाईसुद्धा उठून दारात येऊन बसल्या होत्या. कुसाबाईंनी झाकण काढलं आणि विचारलं, "वाढू का?"

शेखरनं पोटावर हात ठेवला. थोडा ताण दिला असता तर गेला असता. तीन वर्षांपूर्वी त्यानं नक्की खाल्ला असता.

"नाही मामी. माझं झालं. पोट भरलं, आणि मला बरं वाटतंय." तो पाटावरून उठला. "धोंडा अख्खा संपला पाहिजे ना? हा घास तुमचा आहे. तीन वर्षं सोडलाय तुम्ही."

कुसाबाई भांडं हातात धरून उभ्या राहिल्या. कुणी आग्रह केला नाही. मग त्या तिथंच, चुलीपाशी बसल्या आणि त्यांनी तो घास तोंडात घातला. चावताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. गिळून झाल्यावर म्हणाल्या, "गूळ बेताचा झालाय."

यशोदाबाई दारातून म्हणाल्या, "पोचलं वाण."

हर्षाली सकाळपासून नुसतं पाणी पिऊन होती, शेखरकडे बघत. ती पुढे आली आणि नवऱ्यानं सोडलेल्या पाटावर बसली.

"आई," ती म्हणाली, "मी त्या दिवशी वाईट बोलले. मला वाढ. पण मला अख्खा पाहिजे, तुकडा नको."

कुसाबाईंनी तिला एक वाढला, मग ती नको म्हणत असतानाही दुसरा वाढला, कारण लेकीच्या पोटाला काही झालेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला शेखर गल्लीच्या तोंडाशी होता. सहा फेरे झाले होते, तो थांबला होता, तेवढ्यात खिशात फोन वाजला. कुसाबाईंचा नंबर तीन वर्षांत त्यानं स्क्रीनवर पाहिला नव्हता.

"पोट कसं हाय?"

"मस्त. पाणी सोडतोय."

"उलटी नाय?"

"नाही मामी."

"परत कवा येणार?"

शेखर म्हणाला, "पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी."

"तीन वर्षं काय उपाशी ऱ्हाणार का?" कुसाबाई म्हणाल्या. "रविवारी या. सहा वेळा वाढते."